न थांबलेल्या पालखीची तारीख

वाळीत टाकलेल्या माणसाच्या अंगावर वळ नसतात. कोणी मारलं असतं तर डॉक्टरचा दाखला मिळाला असता, गवताची उडवी पेटवली असती तर पंचनामा झाला असता. पण गिरणीवाल्याने दळण घेतलं नाही, रिक्षावाला थांबला नाही, शेजारणीने हाक ऐकूनही मान वळवली नाही, यातलं पोलिसांना दाखवायचं काय? कोणी काही केलंच नाही, हीच मुळात तक्रार. अशी तक्रार कागदावर कशी उतरते ते मी गेल्या पावसाळ्यानंतर जवळून पाहिलं.

माझ्या मामेभावाचं गाव रायगडच्या दक्षिण टोकाला, खाडीच्या तोंडाशी आहे. गावाचं नाव लिहीत नाही. प्रकरण कोर्टात आहे आणि दोन्हीकडची माणसं अजून त्याच पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायवाटेवरून, ये-जा करतात. तीन वाड्या, उतारावर घरं, खाली भातखाचरं, त्यापुढे खारजमीन. गाव बरंचसं कुणब्यांचं आणि निम्मं मुंबईत. कारभार गावकीचा. ग्रामपंचायत आहे, सरपंच आहे, शिपाईसुद्धा आहे; पण लग्नाची तारीख, होळीचा मान, वर्गणीचा आकडा, कोणी कोणाशी किती भांडायचं, हे गावकी ठरवते. खरं तर हल्ली तेही मुंबई मंडळ ठरवतं. नालासोपाऱ्याला कोणाच्या तरी खोलीत रविवारी सभा होते आणि संध्याकाळी ग्रुपवर ठराव येतो.

गावकीला सरसकट नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. आजारी माणसाला रात्री डोलीतून डांबरी रस्त्यापर्यंत नेणारी माणसं गावकीचीच. मामा गेले तेव्हा मुंबईहून आम्ही पोचेपर्यंत सगळी तयारी गावकीने केली होती, लाकडं फोडण्यापासून. म्हणून तर तिने पाठ फिरवली की माणूस उघडा पडतो. आधार जितका मोठा, तितका तो काढून घेण्याचा धाकही मोठा.

झालं ते असं. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. वाडीची जागा महिलांसाठी राखीव. गावकीने नाव ठरवून ‘बिनविरोध’ जाहीर करून टाकलं. वहिनीने अर्ज भरला. वहिनी म्हणजे या मामेभावाची, दादाची बायको. बचत गटाचा हिशेब वर्षानुवर्षं ठेवणारी बाई. कारण साधं होतं. नळपाणी योजनेची पाइपलाइन वाडीच्या अलीकडे येऊन थांबली होती आणि का थांबली याचं उत्तर तिला कोणी देत नव्हतं. अर्ज मागे घ्या म्हणून निरोप आले, मग मुंबईहून फोन आले. तिने घेतला नाही. थोड्या मतांनी पडली. पडली ते एका परीने बरं झालं असं मला तेव्हा वाटलं, प्रकरण मिटेल म्हणून. पण गावकीच्या लेखी गुन्हा हरण्याजिंकण्याचा नव्हताच, उभं राहण्याचा होता. दंड ठरला. दादाने तो भरायला नकार दिला.

त्यानंतर कोणी दवंडी पिटली नाही. शिमग्याला पालखी दारावरून पुढे गेली. लावणीला एकमेकांच्या शेतात जायची पद्धत, तर दादाच्या शेतात कोणी उतरलं नाही; दोघं नवराबायको आणि पोरं चिखलात संध्याकाळपर्यंत. गिरणीत गेलं की नेमकी वीज गेलेली. दूध घालणारा यायचा बंद झाला. गणपतीत मी गेले तेव्हा सगळं डोळ्यांनी पाहिलं. आमच्याकडे आरती म्हणजे घराघरांतून फिरणारी टोळी, पडवीत पाय ठेवायला जागा नसते. त्या वर्षी दादा, वहिनी, दोन मुलं आणि मी. थोरला झांज वाजवत होता. ‘घालीन लोटांगण’ला आम्ही इतकी कमी माणसं होतो की प्रत्येकाचा बेसूर वेगळा ऐकू येत होता. खालच्या घरात त्याच वेळी ढोलकी चालली होती.

संस्थेचं नाव बचत गटाच्या तालुक्याच्या ताईकडून कळलं. माणगावला, एसटी स्टँडपासून चालत जाण्यासारख्या अंतरावर, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर दोन खोल्या. नागरी हक्कांच्या प्रकरणांत फुकट कायदेशीर मदत करतात, एवढंच ताईला माहीत होतं. दादा जायला तयार नव्हता. ‘संस्थेची माणसं’ म्हटलं की आपल्याकडे कपाळावर आठ्या येतात. बाहेरचा पैसा खातात, गावाची बदनामी करतात, फोटो काढून पेपरात देतात. बाहेरच्या पैशाचं म्हणाल तर परदेशी देणग्यांचा कायदा २०२० साली इतका आवळला गेला, की एका संस्थेने दुसरीला तो पैसा पुढे द्यायची सोयच राहिली नाही आणि कार्यालयीन खर्चाची मर्यादा निम्म्यावरून २० टक्क्यांवर आली. जिल्ह्याच्या पातळीवरच्या लहान संस्थांचे त्यात हाल झाले. या संस्थेत एक वकीलताई, एक कार्यकर्ता आणि एक पंखा होता.

वकीलताईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “आज रात्री घरी परत जाणार, तिथे काही धोका आहे का?” दुसरा: “इथे येताय हे कोणाकोणाला माहीत आहे?” मग वहिनीला बोलू दिलं. ती बोलत होती तोवर ताईंनी एक अक्षर लिहिलं नाही. वहिनी रडली, थांबली, पुन्हा बोलली. पालखीचं सांगताना रडली नाही, गिरणीचं सांगताना रडली, याचं मला नवल वाटलं. पालखी वर्षातून एकदा. दळण मात्र दर आठवड्याचं.

बोलणं संपल्यावर ताईंनी कोरा कागद उभा घेऊन त्याचे तीन रकाने पाडले. तारीख. काय झालं. कोण हजर होतं.

इथून खरं काम सुरू झालं. वहिनीच्या डोक्यात तारखा नव्हत्या. तिच्या डोक्यात होतं ते नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, थोरल्याला ताप होता तेव्हा, ज्येष्ठातल्या पहिल्या मोठ्या पावसाला. ताईंनी टेबलाच्या खणातून मागच्या दोन वर्षांची कालनिर्णयं काढली. ती फेकत नाहीत म्हणाल्या, इकडच्या प्रकरणांत पुराव्याआधी कालनिर्णय लागतं. तिथी लावून तारीख, तारखेवरून वार, वारावरून बाजार, बाजारावरून त्या दिवशी रिक्षात कोण बसलं होतं. रात्री गावी परत आल्यावर वहिनीने स्वयंपाकघरातलं स्वतःचं कालनिर्णय खिळ्यावरून काढलं. त्यावर दुधाचा हिशेब होता. रोजच्या चौकटीत बारीक ‘१’, मध्येच ‘दीड’, पाहुणे असतील तेव्हा ‘२’. एका मंगळवारी ‘१’ आहे. बुधवारपासून पुढे सगळ्या चौकटी मोकळ्या. सिलिंडर आल्याच्या खुणा आहेत, गटाच्या मीटिंगा आहेत, दूध नाही. त्या पानाची झेरॉक्स काढताना ताई म्हणाल्या, आजवरच्या कागदांत हा सगळ्यांत बोलका.

कागदपत्रांची यादीही त्यांनी दिली. उमेदवारी अर्जाची प्रत, अनामत भरल्याची पावती, निकालाचा उतारा, रेशन कार्ड. आणि सातबारा. सातबारा कशाला, असं दादाने विचारलं, तेव्हा ताईंनी चष्मा काढला. “भावकीत जमिनीचा वाद आहे का?” दादा गप्प. आहे. पंचांपैकी एकाच्या खाचराशी बांधावरून जुनी कुरबूर आहे. “ते आत्ता सांगा. उद्या समोरचा वकील हेच सांगणार आहे, की हा बांधाचा वाद आहे आणि त्याला बहिष्काराचं नाव दिलंय. बांधाचं भांडण दिवाणी, ते आम्ही घेत नाही. पण ते लपवलंत तर हेही उभं राहणार नाही.” मला त्या बाई इथे आवडल्या. आपण काय करू शकत नाही हे पहिल्याच भेटीत सांगणारा माणूस वकिलांत दुर्मीळ, आणि डॉक्टरांतही.

दादाला वाटत होतं अ‍ॅट्रॉसिटी लागेल. तो गैरसमजही ताईंनी दूर केला. अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा अनुसूचित जाती-जमातींवर बाहेरच्यांनी केलेल्या अत्याचारासाठी. १९५५चा नागरी हक्क संरक्षण कायदा अस्पृश्यतेच्या आचरणाविरुद्ध. इथे दोन्हीकडे एकच जात. जातीने आपल्याच माणसाला बाहेर टाकलं तर काय, हा प्रश्न आपल्या राज्यात फार जुना. मुंबई प्रांताने १९४९ साली बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला होता. त्याला दाऊदी बोहरा धर्मगुरूंनी आव्हान दिलं आणि १९६२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बहुमताने रद्द केला. धर्मसंप्रदायाचा आपला कारभार पाहण्याचा हक्क त्याने हिरावला जातो, असं म्हणून. सरन्यायाधीश सिन्हा एकटे वेगळं मत देणारे होते. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षं वाळीत टाकलेल्या माणसासाठी नेमका असा कायदाच नव्हता. धमकीचं कलम, खंडणीचं कलम, असं काहीतरी जुळवून तक्रार उभी करायची. मधल्या काळात रायगडातल्या वाळीत प्रकरणांच्या बातम्या येत राहिल्या, २०१३पासून अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम घेतली, आणि एप्रिल २०१६मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा मंजूर केला. राष्ट्रपतींची संमती मिळून तो ३ जुलै २०१७ला राजपत्रात आला. असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बहिष्कार टाकणाराच नाही, त्यासाठी सभा बोलावणारा, त्या सभेत होकार देणारासुद्धा यात येतो. लग्न-मयत-सण अडवणं, देवळात किंवा पाणवठ्यावर मज्जाव, धंद्याचे संबंध तोडणं, शाळा-दवाखाना बंद करणं, अशी लांबलचक यादी कायद्यातच दिलेली आहे. वहिनी ती यादी बोट ठेवून वाचत होती. आपल्या घराचं वर्णन मुंबईत बसून कोणी लिहून ठेवलंय, असा तिचा चेहरा झाला होता.

मग ती म्हणाली, “पण हे पूर्वीपासनं चालत आलंय. परंपरा हाय म्हणतात. कायदा काय करनार?”

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही महाडच्या ना?” मी महाडच्या शाळेत आयुष्य काढलं आहे. चवदार तळ्यावरून रोज जायचे, २० मार्चची गर्दी दरवर्षी पाहायचे. सत्याग्रह मुलांना शिकवला. पण त्या तळ्याचा खटला किती वर्षं चालला, हे धड्यात नव्हतं. मार्च १९२७मध्ये पाणी प्यायले. डिसेंबरात दुसरी परिषद भरणार तोच तळं आमचं खाजगी आहे, अस्पृश्यांनी तिथे पाणी न भरण्याची वहिवाट आहे, म्हणून महाडच्या कोर्टात दावा पडला आणि मनाईहुकूम आला. बाबासाहेब त्या दाव्यात प्रतिवादी. हजारो माणसं जमलेली असताना त्यांनी हुकूम मोडला नाही, लढाई कोर्टात नेली. १९३१ला महाडच्या कोर्टात निकाल त्यांच्या बाजूने लागला, पुढे अपिलातही तेच, आणि १७ मार्च १९३७ला मुंबई उच्च न्यायालयाने शेवटचा निवाडा दिला. निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड. १९२२मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच. निवाड्याचं सार एवढंच की वहिवाट म्हणता, तर ती अनादिकाळापासूनची आहे हे सिद्ध करा. वादींना ते करता आलं नाही.

“म्हणजे परंपरा त्यांनी सिद्ध करायची,” ताई म्हणाल्या. “तुम्ही फक्त दूध कधी बंद झालं ते सांगा.”

दहा वर्षं, हे ऐकून दादाचा चेहरा उतरला ते वेगळं.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी अपेक्षेप्रमाणेच झालं. साहेब वाईट बोलले नाहीत, चहा मागवला. गावचा मामला आहे, आपसात मिटवा, उद्या तुम्हाला तिथेच राहायचंय. हा सल्ला इतका शहाणपणाचा वाटतो, की घेणारा माणूस आभार मानून बाहेर पडतो आणि घरी आल्यावर लक्षात येतं, की तक्रार खिशातच राहिली. ताईंनी आधीच बजावलं होतं: तोंडी काही सांगायचं नाही, लेखी अर्ज द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. शिक्का, तारीख, सही. पोच मिळेपर्यंत बाकावरून उठायचं नाही. दादा उठला असता. वहिनी उठली नाही.

पोच मिळाली, पण गुन्हा नोंदला गेला नाही. मग रजिस्टर पोस्टाने अर्ज पोलीस अधीक्षकांकडे. त्यानेही नाही झालं तर शपथपत्रासह थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायचं, हा पुढचा टप्पाही ताईंनी कागदावर लिहून दिला होता. अर्जात त्यांनी ‘ललिता कुमारी’ असा एक दाखला घातला होता. वहिनीने विचारलं, ही बाई कोण? उत्तर प्रदेशातली एक लहान मुलगी. तिला पळवून नेलं, बापाने तक्रार दिली, तर पोलीस नोंदवून घेईनात. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांपुढे गेलं आणि १२ नोव्हेंबर २०१३ला त्यांनी सांगितलं, की दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. सामाजिक बहिष्काराचा गुन्हा दखलपात्र आहे. वहिनीने ते नाव पाठ केलं. पुढच्या वेळी ठाण्यात ती अंमलदाराला म्हणाली, “आमचं ललिता कुमारीपरमानं करा.” हसतील असं मला वाटलं होतं. कोणी हसलं नाही. अधीक्षकांच्या कार्यालयातून फोन आलेला असावा. गुन्हा दाखल झाला.

पुराव्याचं मात्र अजून बाकी होतं. गावकीला लिहायची हौस असते. सभेचं इतिवृत्त, दंडाची नोंद, सह्या, सगळं वहीत. पोलिसांनी वही मागितली तेव्हा गावातले म्हणाले वही मुंबईला आहे. मुंबईकर म्हणाले, गावाला.

उपयोगी पडला तो शिमग्याचा व्हिडिओ. मंडळाची पोरं दरवर्षी पालखीचं चित्रीकरण करून ग्रुपवर टाकतात, रजा न मिळालेल्या चाकरमान्यांसाठी. दादाला ग्रुपमधून काढलं होतं, पण नालासोपाऱ्याचा भाचा अजून होता. त्याच्या फोनवर आम्ही तो पाहिला. शेजारच्या अंगणात पालखी टेकते, बाया ओटी भरतात, भोई पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात, ढोल टिपेला जातो. मग पालखी निघते. कॅमेरा तिच्या मागे. फाटक येतं. आत सारवलेलं अंगण, रांगोळी, मांडलेला पाट, आणि हातात ताट धरून वहिनी. निरांजनाला वारा लागू नये म्हणून तिने पदर आडवा धरला आहे. पालखी मंदावते, पुढच्या दोन भोयांचे पाय सवयीने फाटकाकडे वळतात. मागून आवाज येतो, “पुढं, पुढं घ्या.” पाय सरळ होतात. चित्रीकरण करणाऱ्या पोराने कॅमेरा क्षणभर फाटकावर ठेवला आहे आणि मग घाईने फिरवला आहे. पुढच्या घरात पालखी टेकते.

ताईंनी ते फाटकाचं पुन्हा पुन्हा पाहिलं. त्यांना वहिनीपेक्षा भोयांचे पाय महत्त्वाचे वाटले. सवय थांबायची होती, कोणीतरी थांबू दिलं नाही. कोणी काही केलं नाही असं आता म्हणता येत नव्हतं. आवाज ओळखता येत होता, तारीख व्हिडिओवरच होती. तिसऱ्या रकान्यात अख्खं गाव हजर.

पण व्हिडिओ असून भागत नाही. १ जुलै २०२४पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला आहे. त्याच्या कलम ६३प्रमाणे फोनमधली गोष्ट कोर्टात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं, एक भाग ज्याच्या ताब्यात फोन आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. म्हणजे भाच्याला नावानिशी सही करावी लागणार. फोन बदलायचा नाही, चॅट पुसायचं नाही, फाइल दुसऱ्याला पाठवून ती पुन्हा उतरवून घ्यायची नाही. भाचा खाजगी कुरिअर कंपनीत, खोली मंडळाच्या खजिनदाराच्याच चाळीत. त्याने आठवडाभर फोन उचलला नाही. मग एका रात्री कुर्ल्याहून दिवा गाडी पकडून, पुढची मिळेल ती गाडी घेऊन तो माणगावला उतरला, सही केली आणि दुपारच्या एसटीने परत गेला. जेवायलासुद्धा थांबला नाही. त्याच्याबद्दल फार कोणी बोलत नाही, म्हणून इथे लिहिलं.

लोक विचारतात, सरकारी फुकट वकील मिळतो तर संस्था कशाला? मिळतो, हे खरं. १९८७चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे; तालुका न्यायालयात समिती असते, १५१०० हा नंबर आहे, आणि स्त्रियांना तर उत्पन्नाची अटही नाही. खुद्द ताईंनीच वहिनीचा तिथे अर्ज भरून घेतला. शिवाय फौजदारी खटला सरकार चालवतं. ‘सरकार विरुद्ध अमुक’, त्यात वहिनीचं नाव वादी म्हणूनसुद्धा नाही, हे कळल्यावर तिला जरा वाईटच वाटलं. आपल्या बाजूचा वकील सरकारी वकिलाला मदत करू शकतो, एवढंच. तेव्हा वकील हा भाग तसा सुटण्यासारखा होता. संस्थेने दिलं ते वेगळं: तीन रकाने, कालनिर्णय, बाकावरून न उठण्याचा सल्ला. आणि आधीच दिलेल्या वाईट बातम्या. गुन्हा जामीनपात्र आहे, पंच संध्याकाळी घरी येतील, तुमच्याकडे बघून हसतील, त्या दिवशी दार लावून बसू नका. तसंच झालं. पंच आले, फटाक्यांची माळ लागली. वहिनी खळ्यात तांदूळ निवडत बसून होती. कार्यकर्ता भाऊ त्या रात्री पडवीत झोपायला आला होता.

त्यानंतर महिन्याभराने गावकीकडून निरोप आला. केस मागे घ्या, देवापुढे नारळ ठेवून चुकलं म्हणा, दंड माफ. कायद्यात तडजोडीला जागा आहे. पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर. ताईंनी निरोपाला उत्तर द्यायच्या आधी वहिनीला विचारलं, “तुम्हाला काय हवंय?”

इतके महिने हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता, आम्हीसुद्धा नाही. मला शिक्षा हवी होती. दादाला, सगळं पहिल्यासारखं. वहिनीने दोन दिवस मागून घेतले. मी म्हटलं, इतकं झाल्यावर तडजोड कसली, जाऊ देत आत. तर म्हणाली, “ते सगळे आत गेले तर पालखी कोन उचलनार?”

मी महाडला राहते, मला पेन्शन आहे, माझं दळण सोसायटीच्या खालच्या गिरणीत होतं. शिक्षा मागणं मला परवडतं. तिला त्याच पाखाडीवर म्हातारं व्हायचं आहे, आणि ज्यांनी हाकलली त्यांच्याच पंगतीत बसायचं आहे. कायद्याकडे जाणारा माणूस नेहमी सूड मागायलाच जातो असं बाहेरून वाटतं. तिला आत यायचं होतं, पण नारळ न ठेवता. चूक केली नाही तर चुकलं का म्हणायचं, हा तिचा मुद्दा साधा आणि न हलणारा होता.

तिने गटाच्या वहीच्या पानावर तिच्या अटी लिहिल्या. पालखी येत्या शिमग्याला दारात टेकली पाहिजे. गिरणी, दूध, रिक्षा, लावणीची माणसं, कोणाला आडकाठी नको. वहीत जो ठराव लिहिलाय तो त्याच वहीत, त्याच लोकांच्या सह्यांनी रद्द झाला पाहिजे. आणि खाली जरा लहान अक्षरात, पुढच्या निवडणुकीला मी उभी राहणार आहे, तेव्हा कोणी फोन करू नये.

माणगावला संस्थेच्या त्या खोलीत बैठक झाली. गावकीकडून चौघं आले, दोन मुंबईहून. पालखीचं लगेच मान्य झालं. गिरणीवाल्याने तर बैठकीच्या आदल्याच दिवशी दळण घेऊन टाकलं होतं, वर पीठ बारीक हवं का जाडं हेही विचारलं. निवडणुकीच्या ओळीवर थोडी कुजबुज झाली, पण लोकशाही आहे असं मुंबईकरांपैकी एकाने गंभीरपणे सांगितलं आणि बाकीच्यांनी मान डोलावली. अडलं ते वहीवर. तोंडी सांगतो, देवळात सांगतो, हवं तर माइकवर सांगतो, वहीत नको. वही वडिलोपार्जित आहे, त्यात आजवर एकही ठराव खोडलेला नाही. वहिनी हटली नाही. मग चौघांत काहीतरी बोलणं झालं आणि त्यांतला वयस्कर माणूस म्हणाला, वही खरं म्हणजे हरवली आहे.

आरोपपत्र दाखल झालं आहे. त्यानंतर सहा महिन्यांत खटला निकाली निघावा असं कायदा म्हणतो. कोर्टाच्या बोर्डावर पाहिलं तर तसं वाटत नाही. तडजोडीची बोलणी चालू आहेत. वही हरवली असेल तर कधी हरवली, शेवटची कोणाच्या ताब्यात होती आणि त्या वेळी कोण हजर होतं, एवढं प्रतिज्ञापत्रावर लिहून द्या, असं पत्र ताईंनी गावकीच्या वकिलांना पाठवलं आहे. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.